ख्रिस्ती मनुष्याचें स्वातंत्र्य आणि शेजाऱ्याचें ताट

गणेशचतुर्थीच्या दुसऱ्या दिवशीं अंधेरी अगर बोरिवली येथील एखाद्या जुन्या गांवठाणांत रुमालानें झांकलेलें एक ताट या घरांतून त्या घरांत जात असतें. ताट नेणारा मुलगा हिंदूचा, दार उघडणारी म्हातारी ख्रिस्ती. ताटांत मोदक असतात, थोडी वाटली डाळ असते, वर एखादें जास्वंदीचें फूल असतें. म्हातारी ताट घेते, मुलाच्या पाठीवरून हात फिरविते आणि ताट रिकामें जाऊं नये म्हणून त्यांत कांहीं तरी घालून तें परत करते. नाताळांत हाच व्यवहार उलट दिशेनें होतो. त्या वेळीं ताटांत नेवऱ्या असतात. येथपर्यंत कोणासही अडचण नाहीं. अडचण आहे ती पुढें, घराच्या आंत. मोदक देवापुढें ठेवलेला आहे. तो खावा कीं खाऊं नये? म्हातारी तो सहज खाते, कारण तिच्या दृष्टीनें तो शेजारणीनें वळलेला मोदक आहे. तिचा नातू तो खात नाहीं, कारण त्याच्या दृष्टीनें तो नैवेद्य आहे. दोघेंही ख्रिस्ती, आणि दोघेंही रविवारीं एकाच देवळांत गुडघे टेकणारीं.

प्रश्न लहान दिसतो. परंतु ख्रिस्ती धर्मांत स्वातंत्र्याचा म्हणून जो विचार आहे, त्याचें सर्वांत सविस्तर विवेचन अशाच एका ताटावरून सुरू झालें.

साष्टीच्या बेटास हा प्रश्न उपरा नाहीं. १५३४ सालीं वसईचा तह होऊन हा मुलूख गुजराथच्या सुलतानाकडून पोर्तुगीजांकडे गेला आणि त्यानंतरच्या दोन शतकांत येथील कोळी, कुणबी, भंडारी इत्यादि लोकांपैकीं पुष्कळ कुटुंबें ख्रिस्ती झालीं. बोरिवलीस मंडपेश्वराच्या शैव लेण्यांच्या माथ्यावर फ्रान्सिस्कन साधूंचा मठ उभा राहिला. अंधेरीजवळ कोंडिवट्यास जेसुइटांनीं १५७९ सालीं बांधलेलें देऊळ १८४० मध्यें सांथीमुळें ओस पडलें व वस्ती मरोळकडे सरकली. त्या देवळाच्या भिंती आतां सीप्झच्या कारखान्यांच्या आवारांत उभ्या आहेत. १७३७ सालीं मराठ्यांनीं साष्टी घेतली, १७७४ सालीं ती इंग्रजांच्या हातीं गेली. राज्यें बदललीं, लोक तेच राहिले. १८८७ सालीं, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षीं, या समाजानें ‘ईस्ट इंडियन’ हें नांव घेतलें. नांव इंग्रजी, बोली मराठी. लग्नाच्या आदल्या दिवशीं वाजतगाजत विहिरीवर जाऊन ‘उंबराचें पाणी’ आणण्याची चाल त्यांच्यांत अजून आहे, आणि तिच्यामुळें त्यांच्या ख्रिस्तीपणास कांहीं उणें आल्याचें त्यांस कधीं वाटलें नाहीं. गोव्यांत मात्र धर्मन्यायसभेनें १७३६ सालीं हुकूम काढून बाटलेल्या लोकांच्या घरांतील हळदीपासून तुळशीपर्यंत किती तरी निरुपद्रवी गोष्टींवर बंदी घातली होती. हळदीनें आत्मा बुडत नाहीं आणि हळद टाकल्यानें तो तरत नाहीं, एवढी गोष्ट ज्यांस धर्मगुरूंच्या ग्रंथांत सांपडली नाहीं, त्यांस ती करिंथच्या पत्रांत सांपडावयास हरकत नव्हती.

हें करिंथ म्हणजे ग्रीस देशांतील व्यापाराचें शहर. रोमन लोकांनीं तें ख्रिस्तपूर्व १४६ मध्यें जमीनदोस्त केलें आणि जूलियस सीझरनें ख्रिस्तपूर्व ४४ मध्यें तें पुन्हां वसविलें. दोन समुद्रांमधील चिंचोळ्या पट्टीवर वसलेलें असल्यामुळें तेथें देशोदेशींचे खलाशी, कारागीर, सुटलेले गुलाम आणि नवे श्रीमंत यांची दाटी असे. देवही तितकेच नाना देशांचे. अशा गांवांत पौलानें एक लहानशी ख्रिस्ती मंडळी स्थापन केली, आणि पुढें सुमारें इ. स. ५५ मध्यें तो इफिस येथें असतां त्या मंडळीनें त्याच्याकडे कांहीं प्रश्न लिहून पाठविले. त्यांतील एक प्रश्न मूर्तीस अर्पण केलेल्या मांसाचा होता.

या प्रश्नाची नड समजण्यासाठीं तेथील बाजार डोळ्यांपुढें आणला पाहिजे. देवळांत पशु बळी दिला म्हणजे त्याचा कांहीं भाग वेदीवर जळे, कांहीं पुजाऱ्यांस मिळे, कांहीं यजमान आपल्या पाहुण्यांस वाढी, आणि उरलेलें मांस बाजारांत विकलें जाई. देवळांना जोडून भोजनाच्या खोल्या असत. करिंथच्या आरोग्यदेवतेच्या देवळांतील अशा खोल्या उत्खननांत सांपडल्या आहेत. वाढदिवस, लग्न, धंद्यांतील भागीदारी अशा निमित्तांनीं तेथें मेजवान्या होत. त्यांस न जाणें म्हणजे गांवांतून उठणें. त्यांतही एक सूक्ष्म भेद कांहीं अभ्यासकांनीं दाखविला आहे. श्रीमंताच्या घरीं मांस एरवींही शिजे. त्यामुळें त्याच्या मनांत मांसाचा व देवाचा संबंध सैल झालेला असे. गरिबाच्या वाट्यास मांस येई तें बहुधा उत्सवाच्या दिवशीं, देवळाच्या दारीं. त्याच्या जिभेला मांसाची चव आणि देवाचें नांव हीं एकत्रच ठाऊक. म्हणजे करिंथ येथील वाद केवळ मतांचा नव्हता. तो पुष्कळ अंशीं ताटाताटांतला, पैकेवाल्यांचा व हातावर पोट असणाऱ्यांचा होता.

मंडळींतील शहाण्या लोकांचें म्हणणें सरळ होतें. देव एक आहे; मूर्ति म्हणजे कांहीं नव्हे; मग तिच्यापुढून आलेलें मांस इतर मांसासारखेंच मांस. पौल हा युक्तिवाद खोडून काढीत नाहीं. तो मान्य करतो. अन्नानें मनुष्य देवाच्या जवळ जात नाहीं व दूरही जात नाहीं, हें त्याचेंही मत आहे. त्यानंतर तो शहाण्यांस एक प्रश्न विचारतो: हें ज्ञान तुम्हांस आहे, पण सर्वांस आहे काय? कालपर्यंत त्याच देवतेपुढें हात जोडणारा एखादा भाऊ तुमच्यामागून देवळाच्या भोजनगृहांत येईल, तुम्हांस जेवतांना पाहील आणि तुमच्या धैर्याकडे पाहून आपणही खाईल. पण खातांना त्याचें मन त्यास सांगत असेल कीं आपण पुन्हां जुन्या देवाकडे वळलों. त्याची सदसद्विवेकबुद्धि मोडेल. आणि ती मोडली ती तुमच्या ज्ञानानें मोडली.

येथें एक गैरसमज आहे, आणि तो उपदेशकांनीं फार वाढविला आहे. ‘दुर्बलास अडखळण होऊं देऊं नये’ याचा अर्थ ‘ज्यास आपलें वागणें रुचत नाहीं त्यास दुखवूं नये’ असा बहुधा लावण्यांत येतो. हा अर्थ घेतला तर मंडळींत जो अधिक चिडखोर, त्याच्या हातीं सर्वांच्या आयुष्याची दोरी जाईल. आणि ज्या समाजांत असें झालें तेथें बायकांचें शिक्षण, विधवेचें केस राखणें, परजातींतील मित्राच्या घरीं चहा पिणें या सर्व गोष्टी कोणाला तरी रुचत नाहींत एवढ्याच कारणास्तव अडून राहिल्या. पौलाचा दुर्बल मनुष्य रागावलेला नाहीं. तो अनुकरण करणारा आहे. त्यास होणारी इजा म्हणजे दुसऱ्याकडे पाहून स्वतःच्या मनाविरुद्ध वागणें. जो दूर उभा राहून नांवें ठेवतो, त्यास अडखळण झालेली नाहीं. त्याची फक्त गैरमर्जी झाली आहे.

पुढें पौल तीन प्रसंग वेगळे करतो, आणि त्यांतच त्याचा व्यवहारीपणा दिसतो. देवळांतील भोजनास बसूं नये. कारण तेथें बसणें म्हणजे त्या वेदीच्या पंक्तीस बसणें होय. बाजारांत विकावयास ठेवलेलें मांस मात्र खुशाल घ्यावें. तें कोठून आलें याची चौकशी करीत बसूं नये. तिसरा प्रसंग शेजाऱ्याच्या घरच्या जेवणाचा. बोलावणें आलें आणि जावेंसें वाटलें तर जावें, पुढें येईल तें खावें. परंतु पंक्तींतील कोणीं मुद्दाम सांगितलें कीं हें देवाला वाहिलेलें आहे, तर हात आंवरावा. आणि हें आपल्या सदसद्विवेकबुद्धीकरितां नव्हे, सांगणाऱ्याच्या सदसद्विवेकबुद्धीकरितां करावें. लगेच तो विचारतो, माझ्या स्वातंत्र्याचा निवाडा दुसऱ्याच्या मनानें कां व्हावा? हीं दोन वाक्यें पाठोपाठ येतात, आणि वाचणारा गोंधळतो. तात्पर्य असें कीं, हात आंवरणारा मनुष्य पापास भिऊन आंवरीत नाहीं. खाणें त्याला मोकळेंच आहे. तो आपला हक्क खिशांत ठेवतो, फाडून टाकीत नाहीं. स्वतः पौलानें करिंथ येथें असाच एक हक्क खिशांत ठेवला होता: धर्मोपदेशकानें मंडळीच्या अन्नावर जगावें हें त्यास मान्य असूनही तो तेथें तंबू शिवून पोट भरीत असे.

हा मवाळपणा सर्वत्र पुरत नाहीं हेंही त्याच्याच चरित्रांत आहे. अंत्युखिया येथें पेत्र परजातीय ख्रिस्ती लोकांबरोबर जेवत असे; पण यरुशलेमेकडून सोंवळीं माणसें आलीं तेव्हां तो पंक्तींतून उठला. पौलानें त्यास सर्वांदेखत खडसावलें. वास्तविक पेत्रानेंही दुसऱ्याच्या भावना संभाळण्यासाठींच ताट सोडलें होतें! मग एकास शहाणपण आणि दुसऱ्यास भित्रेपणा कां म्हणावयाचें? उत्तर तीमथ्य आणि तीत यांच्या प्रकरणांत मिळतें. तीमथ्याची आई यहूदी होती. यहूदी लोकांत वावरणें सुकर व्हावें म्हणून पौलानें त्याची सुंता करविली. तीत ग्रीक होता. त्याची सुंता झाल्याखेरीज तो पुरा ख्रिस्ती नव्हे असा आग्रह धरण्यांत आला, तेव्हां पौल तसूभर हलला नाहीं. जी गोष्ट प्रेमानें देतां येते, तीच कोणी पात्रतेची अट म्हणून मागूं लागला तर नाकारावी लागते. पेत्र उठला तेव्हां ज्यांस सोडून तो उठला, ते हलक्या पंक्तीचे ठरले. अंत्युखियांतील दुर्बल तेच होते.

मराठी वाचकास या ठिकाणीं गीतेच्या तिसऱ्या अध्यायाची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं. ज्ञान्यानें अज्ञ जनांचा बुद्धिभेद करूं नये, लोकसंग्रहाकरितां स्वतः कर्म आचरावें, असें तेथें सांगितलें आहे, आणि लोकमान्यांच्या १९१५ सालच्या ‘गीतारहस्या’मुळें तो विचार घरोघरीं गेला. साम्य खरें आहे, पण तें ताणूं नये. गीतेंतील ज्ञानी लोकांबरोबर कर्म करीत राहतो, पौलाचा ज्ञानी लोकांकरितां एक गोष्ट करण्याचें थांबतो. शिवाय गीतेंत दृष्टि समाजाच्या धारणेवर आहे, तर पौलाची एका माणसावर. तो एक भाऊ, ज्याच्यासाठीं ख्रिस्त मेला. १५२० सालीं मार्टिन ल्यूथरनें याच विषयावर एक छोटें पुस्तक लॅटिन व जर्मन भाषांत लिहून पोपकडे पाठविलें आणि श्रद्धेनें मनुष्य सर्वांच्या हुकमतींतून सुटतो, प्रेमानें तोच सर्वांच्या सेवेस बांधला जातो, असा सिद्धांत मांडला. युरोपांत त्यावरून राज्यें हललीं. महाराष्ट्रांत हा सिद्धांत एका बाईच्या स्वयंपाकघरांत तपासला गेला.

पंडिता रमाबाईंनीं १८८३ सालीं इंग्लंडांत वाँटेज येथें बाप्तिस्मा घेतला. त्या वेळीं त्या पंचविशींत होत्या; आईबाप दुष्काळांत गेलेले, पति वारलेले, कडेवर लहान मनोरमा. ज्या भगिनींच्या आश्रमांत त्या राहत होत्या, तेथील सिस्टर जेराल्डीन यांचें त्यांजवर प्रेम होतें. पण रमाबाई मांसास शिवत नाहींत, अंडें घातलेला गोड पदार्थही दूर सारतात, हें त्यांस खटके. हा जातीचा जुना अभिमान आहे, तो ख्रिस्ती नम्रतेंत विरघळला पाहिजे, असें त्यांचें मत. रमाबाईंना तसें वाटत नव्हतें. क्रॉसावर लॅटिन अक्षरें कां, संस्कृत कां नकोत, असेंही त्यांनीं विचारलें होतें. पुढें धर्ममतांचा वाद निघाला तेव्हां, एका पुरोहितवर्गाच्या जुवांतून मोठ्या कष्टानें सुटल्यावर दुसऱ्याचें जूं आपण मानेवर घेणार नाहीं, अशा आशयाचें त्यांनीं स्पष्टपणें कळविलें. हा पत्रव्यवहार १९७७ सालीं छापून निघाला. तो वाचतांना अंत्युखियाची पंगत वारंवार आठवते. मांस खाणें हें ख्रिस्तीपणाचें प्रमाणपत्र झालें, कीं न खाणेंच स्वातंत्र्याचें लक्षण ठरतें. रमाबाई अखेरपर्यंत शाकाहारी राहिल्या.

हीच बाई १८८९ च्या ११ मार्चला मुंबईस चौपाटीजवळ ‘शारदासदन’ उघडती झाली. पैसा अमेरिकेंतला, तेथें १८८७ मध्यें स्थापन झालेल्या मंडळानें धर्माच्या बाबतींत सदन तटस्थ राहील असें ठरविलें होतें. उच्च जातींतील विधवांनीं येथें यावें, शिकावें आणि आपापले आचार पाळावे. सोंवळें पाळूं इच्छिणाऱ्या मुलींस तें पाळण्याची सोय होती. ख्रिस्ती संस्थाचालिकेनें, जिला स्वतःला जातिभेद निरर्थक वाटत होता, दुसऱ्यांचा जातिनियम आपल्या छताखालीं सांभाळावा, हें त्या काळच्या मिशनरी मंडळींस चमत्कारिक वाटलें असल्यास नवल नाहीं. परंतु करिंथच्या पत्राचा इतका शब्दशः अंमल महाराष्ट्रांत क्वचितच झाला असेल. मुली विधवा होत्या. घरच्यांनीं मुश्किलीनें पाठविलेल्या. त्यांच्या ताटास धक्का लागता तर परतीचा रस्ता बंद झाला असता.

मात्र सदन १८९० सालीं पुण्यास गेल्यावर एक दार वादाचा विषय झालें. रमाबाई आपल्या खोलींत मुलीसह प्रार्थना करीत आणि खोलीचें दार उघडें ठेवीत. कोणास बोलावीत नसत, येणाऱ्यास हांकलीत नसत. कांहीं मुली येऊन बसूं लागल्या. ‘केसरी’नें टीकेची झोड उठविली. १८९३ सालीं रानडे, भांडारकर यांच्यासारखे सुधारक सल्लागार मंडळांतून बाहेर पडले आणि पुष्कळ पालकांनीं मुली काढून नेल्या. ज्या संस्थेसाठीं रमाबाईंनीं समुद्र ओलांडला, ती एका उघड्या दारावरून मोडण्याच्या बेतास आली.

दार लावून घ्यावयाचें होतें काय? रमाबाईंचें म्हणणें असें कीं, मी कोणास ख्रिस्ती करण्याची खटपट करणार नाहीं हें मीं कबूल केलें, पण मी ख्रिस्ती आहे हें लपविण्याचें कबूल केलेलें नाहीं. हें बरोबरच आहे. ताट सोडतां येतें, प्रार्थना सोडतां येत नाहीं. आणि स्वतःच्या खोलींत चोरासारखें गुडघे टेकण्याची अट घालणारे लोक आंतील मुलींच्या रक्षणापेक्षां बाहेरच्या लौकिकास अधिक जपत होते. पण दुसरी बाजू अगदींच पोकळ नव्हती. दोन समान प्रौढ शेजाऱ्यांमधलें उघडें दार आणि अन्नवस्त्र देणारी बाई व तिच्या आश्रयास असलेल्या पोरसवदा मुली यांच्यामधलें उघडें दार, हीं सारखीं नव्हेत. ज्या हातानें मुलीचें आयुष्य वांचविलें, त्या हाताचें अनुकरण ती विचार करण्याच्या आधींच करूं लागते. आणि अनुकरण हीच तर पौलाची सारी धास्ती होती. रमाबाईंच्या बाजूनें एवढें निःसंशय म्हणतां येतें कीं, सदनांत येणारी पहिली विधवा गोदूबाई जोशी तेथें अनेक वर्षें राहिली, शिकली, १८९३ सालीं धोंडो केशव कर्वे यांच्याशीं तिचा पुनर्विवाह झाला, आणि ती शेवटपर्यंत हिंदूच होती.

रमाबाईंच्या घरीं प्रश्न आश्रितांचा होता; कवि नारायण वामन टिळक यांच्या घरीं तो पत्नीचा झाला. १८९५ च्या फेब्रुवारींत टिळकांनीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाई त्या वेळीं जवळ नव्हत्या. बातमीनें त्यांची काय अवस्था झाली तें त्यांनीं ‘स्मृतिचित्रें’ या ग्रंथांत लिहून ठेवलें आहे, आणि तें वाचणाऱ्यास टिळकांच्या स्वातंत्र्याचें कौतुक करतांना जरा थांबावें लागतें. स्वतःच्या मनास पटलेल्या सत्याकरितां मनुष्यानें काय वाटेल तें सोडावें हें ठीक. पण येथें सोडलें गेलें ते दुसऱ्याचें सौभाग्य, दुसऱ्याचें माहेर, दुसऱ्याची पंक्त. टिळक सत्यास जागले; बायकोची भरपाई त्यांस पुढें हप्त्याहप्त्यानें करावी लागली.

ती त्यांनीं केली, हें मात्र सांगितलें पाहिजे. लक्ष्मीबाई पुढें नगरास येऊन राहूं लागल्या तेव्हां त्यांचें सोंवळें आणि त्यांचा वेगळा स्वयंपाक चालू राहिला. टिळक उतावळ्या स्वभावाचे, घरांतली भांडीं दानांत देऊन मोकळे होणारे. पण या एका बाबतींत त्यांनीं धीर धरला. माझ्या हातचें खा, म्हणजे तूं माझी, असें ते म्हणाले नाहींत. शिवाशिवीचा विचार लक्ष्मीबाईंनीं एके दिवशीं आपणच केला, आपल्याच बुद्धीनें तो टाकला, आणि १९०० सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याच्या बळजबरीनें सोंवळें सुटलें असतें तर मराठींत ‘स्मृतिचित्रें’ झालें असतें कीं नाहीं याची शंका आहे; इतक्या मोकळ्या मनाचें हंसूं मोडलेल्या मनास येत नाहीं.

उपनगरांत परत यावें. घाटकोपर, मुलुंड या बाजूस गुजराथी व जैन कुटुंबांची वस्ती मोठी. त्यांच्या जिन्यावर एखादें ख्रिस्ती घर, एखादें कोळ्याचें, एखादें कोंकणी मराठ्याचें. येथें मोदकाचा प्रश्न मागें पडतो आणि सुक्या बोंबलाचा पुढें येतो. वास कोणाच्याही भिंतीला जुमानीत नाहीं. सप्टेंबर २०१५ मध्यें पर्युषणाच्या निमित्तानें मुंबईंत चार दिवस कत्तलखाने व मांसविक्री बंद ठेवण्याचा महानगरपालिकेचा निर्णय वादांत सांपडला, आणि त्यांतील १७ तारखेच्या विक्रीबंदीस उच्च न्यायालयानें स्थगिती दिली. त्यापूर्वीं २००८ सालीं अहमदाबादच्या नऊ दिवसांच्या कत्तलखाने-बंदीस सर्वोच्च न्यायालयानें संमति दिली होती. वर्षांत थोडे दिवस दुसऱ्याच्या भावनेचा मान राखण्यास फारशी अडचण नसावी, असा त्या निकालाचा रोख होता. दोन्ही निकालांवर कायद्याच्या दृष्टीनें पुष्कळ लिहिलें गेलें आहे. करिंथचें पत्र हातीं घेऊन पाहणारास त्यांत वेगळीच गोष्ट दिसते: जैन शेजारी त्या पत्रांतील दुर्बल भाऊ नव्हेच. ख्रिस्ती शेजाऱ्यास मासे खातांना पाहून तो मासे खाऊं लागेल अशी भीति कोणासही नाहीं. त्याला ओकारी येईल, दुःख होईल, जीवहिंसेची आठवण होईल. पण त्याचें मन मोडणार नाहीं. म्हणजे पौलाचा कडक नियम येथें लागूच होत नाहीं. लागू होते ती साधी शेजारधर्माची गोष्ट, आणि ती मागून मिळत नसते. बरें, ती एकट्या ख्रिस्ती शेजाऱ्यावरच पडते असेंही नव्हे. कोळ्याचें अन्न गलिच्छ असें मुलांदेखत म्हणणारा मनुष्य ज्या पोराच्या डब्यांत तें अन्न आहे, त्याचें मन मोडीत असतो. शाळेच्या मधल्या सुटींत डबा लपवून खाणारें तें पोर हाच त्या जिन्यावरचा खरा दुर्बल.

आतां त्या जिन्यावरील एक ख्रिस्ती घर कल्पावें. चाळिशीच्या उपवासांत शुक्रवारीं हें घर स्वतःच मांस वर्ज्य करतें, तेव्हां वर्ज्य करणें म्हणजे काय हें त्यास शिकवावें लागत नाहीं. पर्युषणाचे दिवस आले म्हणजे घरची बाई बोंबील भाजावयास घेतांना जिन्याकडची खिडकी लावून घेते आणि मागची उघडते. कोणीं सांगितलेलें नाहीं. समोरच्या दाराआड आठ दिवसांचा उपवास करणारी म्हातारी आहे हें तिला ठाऊक आहे, एवढेंच. म्हातारीलाही खिडकी लावलेली कळते. तीही बोलत नाहीं. मात्र नाताळांत नेवऱ्यांचें ताट घेऊन पोर गेलें कीं त्यांत अंडें आहे काय एवढें विचारून, नाहीं म्हटल्यावर त्यांतली एक नेवरी पोरासमोर खाते. पुढें एखाद्या वर्षीं सोसायटीचा चिटणीस जिन्यांतल्या फळ्यावर कागद डकवतो कीं अमुक दिवसांत अमुक पदार्थ शिजवूं नयेत, हुकमावरून. बाई खालीं उतरतांना तो वाचते. त्या संध्याकाळीं बोंबील भाजावयास घेतल्यावर ती खिडकीपाशीं जाते आणि कडीवर हात ठेवून बराच वेळ उभी राहते.